शुक्रवारचा रविवार

आमच्या घरात कोणतीही नवी वस्तू यायची असली की तिला एक परीक्षा द्यावी लागे. "ट्रकात बसन का?" बाबा विचारत. बसणार असेल तर वस्तू घरात, नाही तर दुकानात. म्हणून आमच्याकडे लाकडी कपाट कधी आलं नाही, घडीचं टेबल आलं. दिवाण आला नाही, दोन लोखंडी खाटा आल्या, ज्यांचे पाय नटबोल्ट काढून वेगळे करता येत. फ्रिज आला तेव्हा त्याचं खोकं थर्माकोलसकट माळ्यावर चढलं. त्याच्या आधी टीव्हीचं चढलं होतं, मिक्सरचं तर होतंच, आणि टेबलफॅन मोडून भंगारात गेला तरी त्याचं खोकं मात्र शाबूत होतं. आई दिवाळीला माळा झाडायला चढायची तेव्हा ही खोकी एक एक करून माझ्या हातात द्यायची, मी ती पुसून परत तिच्या हातात द्यायची. कशासाठी, हे विचारायची गरज नव्हती. बाबा रिटायर होणार, क्वार्टर सोडावं लागणार, आणि मग सगळं सामान आपापल्या खोक्यात बसून गावाला जाणार, हे मला बोलता येण्याच्या आधीपासून ठरलेलं होतं.

गाव म्हणजे तुमसरकडचं, बाबांचं. रेल्वेनं तुमसर रोडपर्यंत, तिथून बस आणि पुढं पायी. बाबा मिसरूड फुटायच्या वयात तिथून भिलाईला आले, पोलादाच्या प्लांटात लागले आणि ब्लास्ट फर्नेसवर, म्हणजे लोखंड वितळवायच्या भट्टीवर गेले. फर्नेसवर काम करणाऱ्या माणसांचा आवाज घरीही फर्नेसवरचाच असतो. बाबा मीठ मागायचे ते शेजारच्या ब्लॉकमध्ये ऐकू जायचं. दर उन्हाळ्यात ते गावाहून तुरीच्या डाळीची गोणी आणि लाल मिरच्या आणत. वर्षभर पहिला घास घेतला की, "ही खरी डाळ. इथली डाळ म्हंजे काही डाळ होय?" असं म्हणत. ती गोणी पावसाळ्यातच संपायची. त्यानंतरची डाळ आई पॉवर हाऊसच्या बाजारातून आणून त्याच गोणीत ओतायची, आणि बाबा तेच वाक्य म्हणत जेवायचे. आई वाढता वाढता माझ्याकडे बघायची. मी पानात बघायची.

आई स्वतः त्याच मुलखातली, पण तिचं स्वयंपाकघर केव्हाच सरहद्द ओलांडून गेलं होतं. शेजारच्या साहू काकीकडून ती तांदळाच्या पिठाचा फरा शिकली, चीला शिकली, उन्हाळ्यात बोरे-बासी खायला शिकली. रात्रीचा भात पाण्यात घालून ठेवायचा आणि सकाळी कांदा-मिरचीबरोबर खायचा. बाबा फर्स्ट शिफ्टला जाताना तो मोठ्या वाटीनं खात, आणि वर "आमच्या गावी असं नसते" असंही म्हणत. साहू काकीनं आमच्या आईकडून पाटवडीचा रस्सा उचलला. मागच्या अंगणातला मुनगा, म्हणजे शेवगा, दोन्ही घरांचा होता, कारण तो आमच्या कुंपणात उगवून त्यांच्या अंगणात वाकला होता. मला आठवतं ते घर म्हणजे प्लांटचा भोंगा, पाटावर पाटवडीचं पीठ थापल्याचा आवाज आणि कुंपणापलीकडून येणारं साहू काकीचं "का रांधत हस बहिनी".

माझं काय, तर मला कुणी विचारलं की कुठली गं तू, की मी गावाचं नाव सांगायची, जिथं मी आयुष्यातले मिळून काही उन्हाळे घालवले होते. आणि त्या गावात गेलं की पोरी म्हणायच्या, भिलाईवाली आली. शाळेत मी हिंदीत बोलायची, घरात मराठीत. छत्तीसगड हे नवीन राज्य झालं तेव्हा मी अकरावीत होते. जातीच्या दाखल्यासाठी इथल्या कचेरीत गेलं तर तुमचे आजोबा इथले होते का असं विचारत, आणि तिकडच्या कचेरीत गेलं तर म्हणत, तुमचा जन्म तर छत्तीसगडचा. बाबा म्हणायचे, "एकदा गावी गेलो का सारं बराबर होते." मला ते बरोबर होईल असं मुळीच वाटत नव्हतं, पण बाबांशी वाद घालायचा म्हणजे फर्नेसशी वाद घालायचा.

आता विहाराबद्दल सांगायला हवं, नाही तर पुढचं कळणार नाही. आमच्या सेक्टरच्या टोकाला एक विहार होतं, पत्र्याचं, पुढं सिमेंटचा ओटा. रविवारी संध्याकाळी वंदना व्हायची. वंदना झाली की गजभिये काका, जे विहाराचे सेक्रेटरी होते आणि रेल्वेत गार्ड होते, माइक पुढं करून म्हणायचे, "कोणाले काही बोलायचं आहे काय?" ज्याला बोलायचं तो उठायचा. कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं ते सांगायचा, कुणी विहाराला पंखा द्यायचं कबूल करायचा. आणि कुणी म्हणायचा, आजपासून दारू सोडली. बोलणाऱ्याचं संपलं की सगळा हॉल एका सुरात "साधु, साधु, साधु" म्हणायचा. की झालं. मूर्तीसमोर, माइकवर, चार लोकांदेखत बोललेला शब्द परत घ्यायचा नसतो, असा आमचा रिवाज होता. तो कुठं लिहिलेला नव्हता. मी लहान असताना बाबांनी त्याच माइकवर दारू सोडली होती. तीन वेळा साधु झाला आणि त्या दिवसानंतर त्यांनी थेंब घेतला नाही, साहूच्या पोराच्या लग्नातसुद्धा नाही. बाबांच्या शब्दाला विहारात वजन होतं ते यामुळे.

मी कॉलेजात गेले तेव्हा आम्हाला इंग्रजी शिकवायला एक मल्याळी मॅडम होत्या. त्या फिल्म क्लब चालवायच्या. भिलाईत तेव्हा लोक कुठून कुठून आलेत यापेक्षा कुठून आलेले नाहीत हे सांगणं सोपं होतं, आणि मॅडमना त्याच गोष्टीचा नाद होता. त्यांचा भाऊ आखातात नोकरीला होता. त्यानं एक डिस्क पाठवली, तिच्यात परदेशात वाढलेल्या अरब मुलामुलींनी केलेले छोटे छोटे सिनेमे होते, कुणी थंड शहरात राहणारे, कुणी आणखी लांब. बोलणं अरबीत, खाली इंग्रजी अक्षरं. मॅडमनी वर्गात फर्मान काढलं की प्रत्येकानं यातले काही सिनेमे आपापल्या वस्तीत दाखवायचे, आणि खालची अक्षरं आपल्या घरच्या भाषेत मोठ्यानं बोलायची. हिंदीत चालणार नाही, घरच्याच भाषेत. प्रोजेक्टर कॉलेजचा. तेलुगू पोरं खूश झाली, ओडिया पोरं खूश झाली. मला घाम फुटला. माझी मराठी जेवणापुरती आणि भांडणापुरती होती.

तरी मी बसले. चार सिनेमे निवडले आणि भाषांतर केलं, पुस्तकी, छान छान शब्द शोधून. आई भाजी निवडत ऐकत होती. पहिलं पान झाल्यावर ती म्हणाली, "हे कोण बोलते असं? तुझ्या बापानं कधी म्हनलं काय 'मी येथे परका आहे'?"

"मग काय म्हणू?"

"म्हन, 'इथं मले आपलं वाटत नाई'. झालं ना."

मग आम्ही दोघींनी सगळं पुन्हा केलं. ती बोलायची, मी लिहायची. बायकांचे आणि मुलांचे संवाद मी बोलणार होते. पुरुषांच्या आवाजासाठी गजभिये काकांना विचारलं, तर ते म्हणाले, "मी माइक देतो, माइकवर बोलत नाई." राहिले बाबा. बाबांनी आधी हात झटकले, मग चष्मा मागितला. टीव्हीपुढं बसून आम्ही चारही सिनेमांचा सराव केला. बाबांना थांब म्हटलं की थांबायचे, बोल म्हटलं की बोलायचे. इतकं माझं त्यांनी पूर्वी कधी ऐकलं नव्हतं, आणि मला ते फार आवडलं हे सांगून टाकते.

तो रविवार होता. वंदना लवकर आटोपली. भिंतीवर आईची पांढरी चादर बांधली, पुढं बायका-पोरं सतरंजीवर, मागं पुरुष खुर्च्यांवर. अरबांचा सिनेमा आहे म्हटल्यावर काही पोरं उंट बघायला आली होती. उंट नव्हताच. पहिल्या सिनेमात एक लहान मुलगी डब्यात आईनं दिलेली लसणाची चटणी घेऊन शाळेत जाते आणि वास येतो म्हणून तिच्याजवळ कुणी बसत नाही. समोरच्या बायकांत लगेच खसखस पिकली, कारण आमच्या सगळ्यांच्या डब्यातून कधी ना कधी बोंबिलाचा वास गेला होता. दुसऱ्यात एक न्हावी. प्रत्येक गिऱ्हाईक त्याला विचारतं, "तुमचं मूळ गाव कोणतं?" आणि तो कंटाळून प्रत्येकाला वेगळं गाव सांगतो. बाबांनी तो असा काही वठवला की मागच्या खुर्च्या हसून हलायला लागल्या. तिसरा दोन बहिणींचा, फोनवर भांडणाऱ्या. पहिल्या रांगेतली ढोक आजी, जी प्रवचनात झोपायची, ती पूर्ण जागी होती. "हे तं आपलेच लोक होय वं," असं तिनं शेजारणीला सांगितलेलं मला माइकवरून ऐकू आलं.

चौथा म्हाताऱ्याचा होता. बर्फाच्या शहरात आयुष्यभर बस चालवलेला एक म्हातारा दवाखान्यात पडलेला आहे. मुलगा त्याची समजूत घालतो, की काळजी करू नका, काही झालं तर आम्ही तुम्हाला आपल्या देशात नेऊन तिथंच माती देऊ, सगळी सोय केली आहे. म्हातारा खिडकीकडे तोंड वळवतो. मग बोलतो. त्यांच्यात शुक्रवारच्या नमाजानंतर लोक कबरींवर जाऊन येतात. कागदावर आईनं सांगितलेलं आणि मी लिहिलेलं होतं ते असं: "मले तिकडं नेऊ नका. तिकडं मले वळखणारं आता कोणी उरलं नाई. मले इथंच ठेवजा. शुक्रवारी कोणी ना कोणी येऊन जाईन."

बाबांनी हे घरी पाच-सहा वेळा तरी बरोबर वाचलं होतं. त्या दिवशी त्यांनी कागद खाली केला. आवाजही खाली केला, तसा मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. म्हणाले, "मले तिकडं नेऊ नका. तिकडं मले वळखणारं आता कोणी उरलं नाई. मले इथंच ठेवजा. रविवारी कोणी ना कोणी येऊन जाईन."

चादरीवर नावं वर सरकायला लागली, कुणीतरी दिवा लावला. बाबा माइक धरून मूर्तीच्या बाजूला उभे होते, जिथं उभं राहून त्यांनी दारू सोडली होती. ढोक आजीनं हात जोडले आणि म्हणाली, "साधु." सवयीनंच म्हणाली असेल. पण एकदा साधु निघाला की आमच्या विहारात तो तीनदा झाल्याशिवाय थांबत नाही. दुसरा पाच-पन्नास जणांनी म्हटला, तिसरा सगळ्या हॉलनं. बाबा गडबडले. माइक गजभिये काकांच्या हातात देऊन चपला शोधायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहू काकी कुंपणावरून वाटीभर लाल भाजी देत म्हणाली, "सुने हंव बहिनी, अब तुमन इहेंच रहिहू." ती विहारात येतही नव्हती. बुधवारी गजभिये काका घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "रामटेके, मरोद्यात एक घर आहे. आमच्या साडूच्या बाजूले. तू आता राहूनच राहिला, तं पाहून घे." बाबा म्हणाले, "अरे, तो पिक्चर होता." गजभिये काका म्हणाले, "पिक्चर होता, पन माइकवर तं तूच होता ना." आणि बिस्किट चहात बुडवलं. प्लांटात कुणी हात मिळवला, कुणी "बरं केलं" म्हणालं. जामुलला सिमेंटच्या कारखान्यात असलेला बाबांचा एक मित्र शिफ्ट संपवून बसनं आला आणि तिकडची जागा स्वस्त पडेल असं सांगून गेला. बाबा वैतागून गेले. "लोकाइले काही अक्कल आहे का नाई? मंग मी न्हावी पन झालो काय?" ते आईला विचारत.  ती त्या आठवड्यात फार शांत होती, आणि आई शांत असणं हे काही आमच्या घरचं हवामान नव्हतं.

शनिवारी तिनं मला विचारलं, "त्या कागदावर कोनता वार होता वं?"

"शुक्रवार."

"मले बी तसंच आठवते," ती म्हणाली आणि तांदूळ निवडायला लागली.

आजही मला वाटतं की आईनं हा प्रश्न विचारला नसता तर आम्ही त्या खोक्यांसकट गावाला गेलो असतो. बाबा मनानं वाईट नव्हते, पण एकदा ठरलेलं ठरलेलं. आणि जे ठरलं होतं ते आईला विचारून ठरलेलं नव्हतं. मीही तिला कधी विचारलं नव्हतं. आपली आई कुठं राहू इच्छिते हा प्रश्न मुलांना पडत नाही, ती जिथं असते तेच घर वाटतं.

पुढच्या रविवारी विहार भरगच्च होतं. बाबा शब्द परत घेणार हे सगळ्यांना कुठून तरी कळलं होतं, आणि असं आमच्याकडे आधी कधी झालेलं नव्हतं. वंदना झाली. गजभिये काकांनी विचारलं, "कोणाले काही बोलायचं आहे काय?" बाबा उठले. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. माइक तोंडाजवळ नेला, त्यांना माइकची गरज नव्हती तरी. म्हणाले, "जय भीम. मांगच्या रविवारी मी जे बोललो ते त्या पिक्चरमधल्या बुढ्याचं बोलनं होतं. माझं नाई. मी रिटायर झालो का गावी जानार, हे मी तीस वर्षांपासून सांगून राहिलो. कोनाचा गैरसमज झाला असन तं माफ करजा." आणि थांबले.  साधु कुणी म्हटलं नाही.  बाबा माइक परत द्यायला वळले, आणि बायकांच्या बाजूनं आई उठली.

आई विहारात सतरंज्या झटकायची, खीर करायची, पोरांना ओरडायची, पण माइकवर ती कधी गेली नव्हती. तिनं बाबांच्या हातातून माइक घेतला आणि तो दोन्ही हातांनी धरला. आधी तो फार जवळ धरल्यामुळे शिट्टी वाजली, मग गजभिये काकांनी हातानंच लांब धरायची खूण केली.

"मले बोलता येत नाई," ती म्हणाली. "पन बोलते. मी गावी गेली का सारे इचारते, कधी आली, कधी जाते. इतके वर्ष झाले, जाऊबाई असो, ननंद असो, एकानंही म्हनलं नाई का बाई राहा. इथं दोन दिस दिसली नाई तं साहूची बायको कुंपनावर उभी राहते, का झालं म्हनून. म्हून मी इथंच राहनार. सुजाताच्या बाबाले जायचं असन तं जाऊ द्या, मी अडवत नाई. डाळ पाठवून देजा म्हनते." मग ती बाबांकडे वळली, पण माइक तोंडाशीच होता. "आन् कागदावर शुक्रवार होता. रविवार तुमीच म्हनला."

 मला वाटलं आता बाबांचा आवाज फर्नेसवर जाणार.  ढोक आजीनं हात जोडले. पहिला साधु बायकांच्या बाजूनं झाला. दुसरा सगळ्यांनी म्हटला. तिसऱ्याला एक आवाज असा आला की पत्रा थरथरला, आणि तो ऐकून हॉलमधला प्रत्येक जण बाबांकडे बघून हसायला लागला, कारण त्या आवाजाचा भिलाईत एकच माणूस होता.

परतताना आई स्कूटरवर मागं बसली होती, मी सायकलवर शेजारून येत होते.  बाबा पुढं बघतच म्हणाले, "मरोद्यात पाहू का जामुलात?"

"जामुलात सिमेंटची धूळ उडते," आई म्हणाली. "वाळवन घालता येत नाई."

मरोद्यातलं घर गजभिये काकांच्या साडूच्या बाजूचंच मिळालं. क्वार्टर सोडलं त्या दिवशी ट्रक आला आणि बाबांनी माळ्यावरची खोकी काढली, पण सामान त्यांत भरायला वेळच पुरला नाही, आणि अंतर तर हातगाडीवर नेण्याएवढंच होतं. खोकी तशीच कबाडीवाल्याला गेली. पहिल्याच महिन्यात आई लाकडी कपाट घेऊन आली, ते दारातून आत जाईना म्हणून चौकट काढावी लागली, आणि बाबांनी ती स्वतः काढली. मॅडमना मी हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी मला शंभरपैकी किती मार्क दिले ते आता आठवत नाही, पण त्यांनी ते सिनेमे केलेल्या मुलांना कळवायला पाहिजे असं म्हटलं होतं. कळवलं की नाही ठाऊक नाही. त्या म्हाताऱ्याला ज्यानं कुणी बोलायला लावलं, त्याला मरोद्यातल्या एका कपाटाची गोष्ट कळायला हवी होती असं मला वाटतं.

बाबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. शेवटच्या आजारात गावाहून काका आले होते. त्यांनी दबक्या आवाजात विचारलं, माती कुठं द्यायची, गावाला न्यायचं का. बाबांनी ते ऐकलं. त्यांचा आवाज तोवर गेला होता, म्हणून त्यांनी नुसता हात हलवला, नाही म्हणून, आणि आईकडे बघितलं. आईनं काकांना सांगितलं, "विहारात बोलले होते ते."

मी हे त्याच घरात बसून लिहिते आहे. आज रविवार आहे. वंदना संपून लोक आमच्या गल्लीनंच परततात. आईनं आताच विचारलं की चहाचं आधण किती ठेवू, आणि माझं उत्तर यायच्या आधी दोन कप वाढवून ठेवलंसुद्धा. फाटक वाजलं आहे. कोणी ना कोणी आलं आहे.